पंचनाम्यात न मावणारी ओल

मा. जिल्हाधिकारी,
जिल्हा नांदेड यांस,



पत्र लोह्याहून लिहितो आहे. पडलेल्या भिंतीबद्दल किंवा वाहून गेलेल्या जनावराबद्दल यात काही नाही, त्यासाठी शासनाकडे रकाने आहेत. हे पत्र उभ्या राहिलेल्या भिंतीबद्दल आहे, आणि तिच्या आड थप्पी लावून ठेवलेल्या धान्याबद्दल.

मराठवाडा म्हटलं की सगळ्यांना दुष्काळ आठवतो. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्यामुळे आमच्या भागातली सगळी यंत्रणा पाणी कमी पडलं तर काय, याच प्रश्नाभोवती उभी राहिली. पाणी जास्त झालं तर काय, हा प्रश्न आम्ही उशिरा शिकलो. 2025 च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत एका रात्रीत पाणी शिरलं आणि सैन्य बोलवावं लागलं. सप्टेंबरच्या अखेरीस तर सगळ्या मराठवाड्यात पावसानं थैमान घातलं. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारनं 31,628 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. पीक, जमीन, जनावरं, घरं, विहिरी असं बरंच काही त्यात आलं. ओल मात्र त्यात नव्हती, कारण ती कोणी मोजतच नाही.

निकष पाहा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून घराच्या अंशतः पडझडीला मदत मिळते, पण पडझड निदान 15 टक्के असावी लागते. पक्क्या घराला 6,500 रुपये, कच्च्याला 4,000. कपडे आणि भांडीकुंडी यांच्यासाठी प्रत्येकी 2,500 रुपये मिळतात, पण घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तरच. ज्या घरात गुडघाभर पाणी एक रात्र राहिलं आणि सकाळी निघून गेलं, ते कागदोपत्री धडधाकट ठरतं. आता बुरशीचं वेळापत्रक पाहा. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत वाळवा, नाहीतर बुरशी धरेल, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. म्हणजे ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) पंचनाम्याला दारात येतात तेव्हा नुकसान नुकतंच उगवू लागलेलं असतं, आणि ते डोळ्यांना दिसू लागतं तेव्हा पंचनामा कधीच वर पोहोचलेला असतो.

हे नुकसान दिसतं कसं, तेही सांगतो. आमच्याकडे नवरात्राआधी दसरा काढतात. घरातली सगळी भांडी, वाकळा, गोधड्या बाहेर निघतात, धुतल्या जातात, उन्हात पडतात, घराला चुन्याचा हात बसतो. पावसाळ्यात मुरलेली ओल घराबाहेर काढण्याची ही रीत आहे. 2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला होती आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस उघडेना. धुतलेल्या वाकळा घरातच दोरीवर लोंबकळल्या. पाऊस थांबल्यावर भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट कोणी ओढून पाहिलं असतं तर मागं भिंतीवर कपाटाच्याच आकाराचा काळपट-हिरवा डाग दिसला असता. बोट फिरवलं तर बोट काळं होतं. खालच्या खणातली ठेवणीतली साडी घडीवर पांढुरकी झालेली असते. पलीकडे सोयाबीनची पोती थेट फरशीवर, भिंतीला चिकटून. खालच्या पोत्यात हात घातला तर आत गरम लागतं, आणि दाण्याला कुबट वास. रात्री लेकरं याच खोलीत झोपतात.

जुन्या माळवदाच्या घरांत हे होत नव्हतं असा माझा दावा नाही. ती घरंही गळायची. पण 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या भिंतीची माणसांना धास्ती बसली आणि स्लॅब व पत्रे वाढले. त्यात घर स्वस्तात उरकायचं म्हणून पायाच्या वर ओल अडवणारा डीपीसीचा थर गाळला, स्लॅबला उतार दिला नाही, समोरासमोर खिडक्या ठेवल्या नाहीत. खाली आमची काळी जमीन, जी पाणी धरून ठेवते. भिंत खालून पाणी ओढते, स्लॅब वरून मुरवतो आणि आत हवा फिरत नाही. मग पुट्टी आणि ऑइलपेंट मारून डाग झाकतात. डाग जातो, पाणी आतच राहतं आणि पुढच्या वर्षी पापुद्रे सुटतात.

पहिला प्रश्न येतो तो तपासणीचा. मोठ्या शहरांत आता घराच्या हवेतली बुरशी मोजून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. लोह्यात तसली सोय नाही, आणि तिच्यावाचून काही अडतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. हवेत अमुक इतकी बुरशी चालेल, तमुक इतकी घातक, असा आकडा देता येत नाही, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. ओल रोखणं हाच उपाय. अमेरिकेतल्या सरकारी संस्थाही हेच सांगतात: बुरशी दिसत असेल किंवा तिचा वास येत असेल, तर ती कोणत्या जातीची हे शोधण्यात पैसे घालवू नका, ती काढा आणि पाण्याची वाट बंद करा.

म्हणून शोधायची ती ओल, आणि ती घरच्या घरी सापडते. भिंतीवर पांढरं काही दिसलं तर त्यावर पाण्याचे थेंब टाकावेत. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार. विरघळलं नाही, पुसताना फासलं गेलं आणि कुबट वास आला तर ती बुरशी. ओल कुठून येते ते पाहायला हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर घट्ट लावावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे, खिडकी उघडली पाहिजे. एवढं कोणतीही आशाताई एका सकाळी शिकू शकते.

दुसरा प्रश्न, अंगाला काय होतं? इथं घबराटही नको आणि दुर्लक्षही नको. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ या नावानं मराठवाडा हादरला होता. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. तो म्युकरमायकोसिस. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा यांनी प्रतिकारशक्ती खचलेल्या शरीरात बुरशी घुसण्याचा तो आजार होता. कपाटामागच्या काळ्या डागाचा आणि त्याचा रंग सोडला तर फारसा संबंध नाही. भिंतीवरच्या बुरशीनं धडधाकट माणसाचा डोळा जात नाही. तिचा त्रास वेगळा असतो: नाक वाहणं, शिंका, खोकला, दमा बळावणं, लहान मुलांची छाती वाजणं. ओलसर घर आणि श्वसनाचे हे विकार यांचा संबंध पक्का आहे.

त्याहून गंभीर प्रकार फुप्फुसाचा. बुरशीची बीजं किंवा पक्ष्यांची पिसं-विष्ठा सतत श्वासात जाऊन काही माणसांच्या फुप्फुसाला सूज येते आणि पुढं ते घट्ट होत जातं. भारतातल्या 19 शहरांतल्या 27 रुग्णालयांनी मिळून केलेली एक नोंदणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुस असं घट्ट होत जाणाऱ्या वेगवेगळ्या आजारांच्या 1,084 रुग्णांपैकी 47.3 टक्के रुग्णांना नेमका हाच आजार निघाला, आणि त्यांच्या घरांत वारंवार आढळलेली एक वस्तू म्हणजे कूलर. मार्च ते जून आमच्याकडे कूलरवाचून घर नाही. त्यातलं गवत एकदा बसवलं की दोन-दोन उन्हाळे बदलत नाहीत, टाकीत शेवाळ साचतं, आणि त्यावरून आलेली गार हवा आपण रात्रभर तोंडावर घेतो. कडब्याची किंवा सोयाबीनच्या गुळीची भिजलेली गंजी फोडताना जो धुरळा उडतो, त्याचाही धोका याच जातीचा.

आपल्याकडे खोकला लांबला की आधी क्षयाची शंका येते, आणि ती यायलाच हवी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, ती फुकट होते. पण तपासणीत क्षय निघाला नाही आणि जिना चढताना धाप लागतच राहिली, तर डॉक्टरांना घराबद्दल सांगावं: ओल आहे, कूलर आहे, कबुतरं आहेत, गंजी आहे. शरीरातलं ‘बुरशीचं विष’ लघवीत मोजून देणाऱ्या तपासण्या आणि ते धुऊन काढणाऱ्या पुड्या, काढे यांची जाहिरात आता मोबाइलवर दिसते. त्यांच्या नादी लागू नये. ओलीतून बाहेर पडणं हाच पहिला उपचार, बाकीचं डॉक्टर ठरवतील.

ओलीनं जीव जातो का, असं कोणी विचारलं तर एक उदाहरण देतो. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये गेला. सरकारी अनुदानाच्या भाड्याच्या घरात भिंतीभर बुरशी होती आणि वडील तक्रारी करून थकले होते. मृत्यूचं कारण ती बुरशीच, असा निकाल नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं दिला. त्यातून 2023 मध्ये त्या मुलाच्या नावानं कायदा आला आणि ऑक्टोबर 2025 पासून तो लागू झाला. तातडीचा धोका असेल तर 24 तासांत आणि गंभीर ओल असेल तर कामाच्या 10 दिवसांत घरमालक संस्थेला पाहणी करावी लागते. घरकुल ही आपल्याकडची तशीच सरकारी मदतीतून उभी राहिलेली वास्तू आहे. घर मिळालं का, हे आपण मोजतो. ते कोरडं आहे का, हे मोजत नाही.

आता या पत्राच्या गाभ्याकडे येतो. बुरशीचं खरं विष भिंतीपेक्षा धान्यातून पोटात जातं. 1974 च्या ऑक्टोबरपासून राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल या आदिवासी भागांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. पिकलेला मका अवकाळी पावसात भिजला होता, तो बुरशीसकट साठवला गेला आणि दुसरं काही नसल्यानं खाल्ला गेला. त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष होतं. त्याच घरांतल्या उष्ट्यावर जगणाऱ्या कुत्र्यांचीही पोटं फुगली होती. 1995 मध्ये आपल्या सीमेपलीकडच्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आणि कर्नाटकात दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसानं भिजलेल्या ज्वारी-मक्याची भाकरी खाऊन माणसांना पोटदुखी आणि जुलाब लागले. पाहिलेल्या 50 गावांपैकी 27 गावांत हे आढळलं. विष फ्युमोनिसिन नावाचं होतं. भाकरी बंद केली आणि माणसं बरी झाली.

भिजलेली ज्वारी आम्हाला नवी नाही. 1964 मध्ये पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-1, आली आणि खरिपाचं उत्पन्न वाढलं. पण गावरान उंच ज्वारी पाऊस सरल्यावर पिकायची, हायब्रीड पावसातच दाणा भरू लागली. कणीस भिजलं की दाणा काळा. काळ्या दाण्याला मोंढ्यात भाव मिळेना, हेही ज्वारी मागं पडून सोयाबीन पुढं येण्याचं एक कारण. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काळं पडण्याला दाद न देणारी ‘परभणी श्वेता’ काढली. पण काळा दाणा विकला जात नाही, तो कुठं जातो? तो घरी राहतो. थोडा दळायला, थोडा कोंबड्यांना, थोडा दुभत्या म्हशीला. काळा दाणा म्हणजे विषच, असं नाही. आणि पांढरा दाणा म्हणजे निर्धोक, असंही नाही, कारण बुरशीची घातक विषं डोळ्यांना दिसत नाहीत आणि तव्याच्या आचेनं मरत नाहीत. अफ्लाटॉक्सिन यकृताचा कर्करोग करतं, हे सिद्ध झालेलं आहे. बुरशीची पेंड किंवा भरड खाल्लेल्या जनावराच्या दुधात त्याचं दुसरं रूप उतरतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभरातून घेतलेल्या दुधाच्या 6,432 नमुन्यांपैकी 5.7 टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त निघालं. उकळून ते जात नाही.

बाजारात विकायला आलेल्या अन्नाला निदान कायदा आहे. घरच्या शेतातलं, घरच्या कणगीतलं, घरच्याच तव्यावर गेलेलं धान्य कोणी तपासत नाही.

आणि तपासण्याचं साधन तर तालुक्यातच पडून आहे. मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलं की आडत्या मूठभर दाणे यंत्राच्या वाटीत ओततो, झाकण दाबतो आणि आकडा येतो. “मॉइश्चर चौदा,” असं तो म्हणाला की आमचा भाव तिथंच उतरतो. शासकीय खरेदीला 12 टक्के आर्द्रतेची अट असते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली तेव्हा केवढी मोठी बातमी झाली होती. म्हणजे विकायच्या दाण्यातल्या पाण्याचा एकेक टक्का आपल्याला ठाऊक असतो, खायच्या दाण्यातल्या पाण्याचा पत्ता नसतो. बुरशीला मात्र विकायचा आणि खायचा हा भेद कळत नाही. धान्य 12 टक्क्यांच्या आसपास आणि भुईमुगाची शेंग 8 टक्क्यांच्या आत वाळली असेल तर बुरशीला तिथं जागा नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांतली एकही नवी इमारत मागत नाही.

एक, अतिवृष्टीच्या पंचनाम्यानंतर दोन आठवड्यांनी दुसरी फेरी व्हावी. ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि आशा यांनी मिळून भिंतीची ओल आणि घरातलं धान्य एवढंच पाहावं, आणि पंचनाम्याच्या अर्जात त्यासाठी एक रकाना असावा.

दोन, पावसाळा संपल्यावर महिनाभर बाजार समिती, सोसायटी आणि पोखर्णी व सगरोळीची कृषी विज्ञान केंद्रं इथं घरच्या खाण्याच्या धान्याची आर्द्रता फुकट मोजून मिळावी. यंत्रं आहेत, आदेश हवा.

तीन, दुसऱ्या फेरीत खाण्यालायक नसलेलं धान्य निघालं तर तेवढं रास्त भाव दुकानातून बदलून द्यावं आणि खराब धान्य माणसाच्या व जनावराच्या तोंडी जाणार नाही अशा रीतीनं नष्ट करावं. बांसवाड्याची माणसं अडाणीपणानं मेली नाहीत. घरात दुसरा दाणा नव्हता म्हणून मेली. बदली धान्य दिल्याशिवाय ‘खाऊ नका’ म्हणणं हा नुसता उपदेश.

चार, घरकुलाचा शेवटचा हप्ता देण्याआधी डीपीसी, स्लॅबचा उतार आणि समोरासमोरच्या खिडक्या पाहिल्या जाव्यात.

पाच, भिजलेल्या हंगामात परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून तालुकानिहाय ज्वारी, शेंगा, पेंड आणि दूध यांचे नमुने तपासून निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावेत. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात लांबलेल्या खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाला घराची ओल, कूलर आणि गंजी यांबद्दल विचारलं जावं.

हे पत्र वाचणाऱ्या माझ्या गाववाल्यांसाठीही चार शब्द. यंत्र मिळेपर्यंत मिठाचा उपाय आहे. तव्यावर परतून कोरडं केलेलं, गार झालेलं मीठ दोन-तीन चमचे घ्या, कोरड्या काचेच्या बाटलीत मूठ-दोन मूठ धान्य घ्या, मिनिटभर हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात 15 टक्क्यांहून जास्त पाणी आहे, पुन्हा ऊन द्या. पोती फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. कुटासाठी स्वस्तातला सुरकुतलेला, काळपट शेंगदाणा घेऊ नका आणि खवट लागलेला गिळू नका, थुंका. कूलरचं गवत दर उन्हाळ्यात बदला. भिंतीवरची बुरशी कोरडी झाडू नका. तोंडाला घट्ट मास्क, हातात मोजे, साबणाच्या पाण्यानं घासा, पूर्ण वाळवा, मग चुना मारा. ब्लीचिंगमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड मिसळू नका, त्यातून निघणारा वायू बुरशीपेक्षा आधी घात करतो. दमेकऱ्याला आणि लेकरांना या कामापासून लांब ठेवा. आणि गळकी जागा दुरुस्त झाल्याशिवाय रंगावर रुपया खर्च करू नका.

जिल्हाधिकारी महोदय, घरमालकानं करायचं ते घरमालक करील. पण भिजलेलं धान्य बदलून देणं आणि पंचनाम्यात एक रकाना वाढवणं त्याच्या हातात नाही, ते आपल्या कार्यालयाच्या हातात आहे. पुढच्या मृगाआधी या दोन गोष्टींचा आदेश निघावा, ही विनंती.

आपला,
लोह्याचा एक रहिवासी